पॉर्न कशाला म्हणायचं आणि रेषा कुठे आखायची? मोठ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रौढांसाठी आहे. इथे कसलं वर्णन नाही, चित्रं नाहीत. मोठी माणसं या विषयावर दबक्या आवाजात जे प्रश्न विचारतात, त्यांना जमतील तितकी सरळ उत्तरं दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझंच आहे, आणि ते तुम्हाला पटायलाच हवं असं नाही.

पॉर्नची सगळ्यांना मान्य अशी एखादी व्याख्या आहे का?

नाही. त्यातल्या त्यात कामाला येणारी व्याख्या ब्रिटनमध्ये बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1979 च्या अहवालात मांडली. तिच्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: लैंगिक अवयवांचं किंवा क्रियेचं उघड चित्रण, आणि पाहणाऱ्याला उत्तेजित करणं हा मुख्य हेतू. शरीरशास्त्राच्या पुस्तकात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. एखाद्या शृंगारिक गाण्यात दुसरी असते, पहिली नसते. दोन्ही जुळलं की पॉर्न.

या व्याख्येत ‘वाईट’ हा शब्द कुठेच नाही, आणि ते मुद्दाम आहे. एखादी गोष्ट पॉर्न आहे का आणि ती गैर आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपल्याकडचे बहुतेक वाद हे दोन प्रश्न एकात कालवल्यामुळे होतात.

‘बघितलं की कळतं’ एवढं पुरेसं नाही का?

हे वाक्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांच्यामुळे गाजलं. 1964 साली एका फ्रेंच चित्रपटाच्या खटल्यात त्यांनी लिहिलं, की मला नेमकी व्याख्या जमणार नाही, पण पाहिलं की मला ते ओळखू येतं. लोक इथेच थांबतात. त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं की या खटल्यातला चित्रपट मात्र तसा नाही. चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयात तो सुटला. म्हणजे खालच्या न्यायाधीशांनीही पाहिलं होतं, आणि त्यांनाही ‘कळलं’ होतं. फक्त नेमकं उलटं.

नजर काय पकडते हे समजायला एक साधा फोटो डोळ्यांसमोर आणा. समुद्रावर काढलेला. पोहण्याच्या कपड्यांतली एक बाई, ओले केस, हसताना डोळे बारीक झालेले, शेजारी मैत्रिणीचा अर्धा खांदा. अल्बममध्ये तो फोटो आला तर पान उलटून आपण पुढे जातो. आता कुणीतरी तो फोटो मैत्रिणीचा खांदा कापून बारीक केला, खाली एक चावट ओळ लिहिली, त्या बाईचं नाव टाकलं आणि अनोळखी पुरुषांच्या ग्रुपवर सोडला. कपड्याचा एक धागाही इकडचा तिकडे झालेला नाही. विल्यम्स यांच्या व्याख्येत तो फोटो अजूनही बसत नाही, कारण उघड असं त्यात काही नाहीच. आणि तरीही त्या बाईच्या बाबतीत जे घडलं, ते राजीखुशीने काम केलेल्या दोन प्रौढांच्या चित्रफितीपेक्षा कितीतरी वाईट आहे.

म्हणजे पॉर्न असूनही गैर नाही, आणि पॉर्न नसूनही गैर, असं असू शकतं?

माझ्या मते हो. अंग किती दिसलं हे मोजणं सोपं असतं, म्हणून लोक ते मोजतात. त्यात कुणाची फसवणूक झाली का, कुणाला न विचारता काही केलं गेलं का, हे शोधायला वेळ लागतो. पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नांवर बेतलेली आहेत.

मग नग्न शिल्पं, शृंगारिक चित्रं, कामुक साहित्य यांचं काय? कला आणि पॉर्न यांत फरक कसा करायचा?

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक खोली आहे, ‘गुप्त कक्ष’ म्हणून ओळखली जाणारी. पॉम्पेई आणि आसपासच्या उत्खननात सापडलेली लैंगिक चित्रं, दिवे, मूर्ती तिथे ठेवल्या आहेत. 1819 मध्ये या वस्तू वेगळ्या काढून कुलूपबंद केल्या गेल्या. पोक्त वयाच्या आणि सभ्य म्हणून मान्यता असलेल्या मंडळींनाच परवानगीने आत सोडायचं, असं ठरलं. मधल्या काळात दार कधी किलकिलं झालं, कधी पुन्हा बंद झालं. सर्वांसाठी ती खोली नीट खुली व्हायला 2000 साल उजाडलं. गंमत अशी, की यातल्या बऱ्याच वस्तू मुळात लपवलेल्या नव्हत्याच. त्या घरात, बागेत, दुकानाच्या दारात होत्या. शुभ म्हणून, विनोद म्हणून, नजर लागू नये म्हणून. वस्तू तीच राहिली आणि पाहणारा समाज बदलला, एवढ्यावर ती घरातल्या भिंतीवरून कुलपाआड गेली.

म्हणून ‘कला की पॉर्न’ या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. काही कलाकृती दोन्ही असतात. शिवाय कलात्मक दर्जा हा नैतिकतेचा दाखला नव्हे. अप्रतिम प्रकाशयोजनेतला चित्रपट असेल, पण त्यातल्या अभिनेत्रीला प्रसंगात काय होणार हे आधी सांगितलेलंच नसेल, तर प्रकाशयोजना तिच्या काय कामाची?

अश्लील काय हे ठरवताना कुणाचा विचार केला जातो?

जवळजवळ नेहमीच ‘दुसऱ्याचा’. हा या विषयाच्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

1868 मध्ये इंग्लंडच्या हिकलिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली: ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावाला सहज बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का? तो मजकूर कसला होता, तर कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदनाच्या वेळी बायकांना काय काय विचारतात यावर टीका करणारी एक पुस्तिका. कसोटी मात्र पुढे जवळपास शंभर वर्षं निम्म्या जगातल्या न्यायालयांनी वापरली. मजकूर वाचणाऱ्या न्यायाधीशाचं मन बिघडत नाही; बिघडायचं ते कायम दुसऱ्या कुणाचं तरी.

1960 साली लंडनमध्ये डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवर खटला चालला. सरकारी वकिलांनी ज्युरींना विचारलं, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का? ज्युरींमध्ये बायकाही बसल्या होत्या. प्रकाशक निर्दोष सुटले.

मराठीतलं ठळक उदाहरण र. धों. कर्व्यांचं. 1927 पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. विषय संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक अज्ञान. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर पुन्हा पुन्हा झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड झाला, आणि मासिक त्यानंतरही निघत राहिलं. वाचकांच्या शंकांना दिलेली शास्त्रीय उत्तरं तेव्हा अश्लील ठरली होती, हे आज वाचताना खरं वाटत नाही.

एकदा स्वतःवरच प्रयोग करून पाहा. ‘हे अश्लील आहे’ असं म्हणताना मनात कोण असतं? तुम्ही स्वतः, की पोरं, बायका, कमी शिकलेले लोक, शेजारचा?

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं. अमेरिकेत 1973 च्या मिलर खटल्यापासून तीन गोष्टी पाहतात: समकालीन सामाजिक मापदंड लावणाऱ्या सर्वसाधारण माणसाला ते कामुक लालसेला आवाहन करणारं वाटतं का, कायद्यात नमूद केलेली लैंगिक कृती उघडपणे किळसवाण्या रीतीने दाखवली आहे का, आणि एकूण कृतीला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य आहे का. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये हिकलिन कसोटी स्वीकारली होती. 2014 मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या नग्न छायाचित्राच्या खटल्यात ती सोडून समाजाच्या आजच्या मापदंडांकडे वळण घेतलं. ते छायाचित्र वर्णद्वेषाविरुद्धची भूमिका म्हणून काढलेलं होतं, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. प्रौढाने खासगीत प्रौढांचं पॉर्न पाहणं हा भारतात आपोआप गुन्हा होत नाही; ते प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. हा शेवटचा भाग फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

कायदेशीर आहे म्हणून योग्य आणि बेकायदा आहे म्हणून अयोग्य, हे गणित इथे तरी चालत नाही.

कलाकारांनी पैसे घेतलेत, म्हणजे संमती आलीच की?

नाही. पैसे घेतले म्हणजे पैसे घेतले, एवढंच त्यातून कळतं. संमती म्हणायची तर माणूस सज्ञान हवा, काय करायचं आहे हे त्याला आधी माहीत हवं, मध्येच ‘थांबा’ म्हणण्याची मोकळीक हवी आणि तसं म्हटल्यावर खरोखर थांबणारी माणसं समोर हवीत, आणि हे चित्रण पुढे कुठे दिसणार हेही ठाऊक हवं. यातला शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा गळतो. एका ठिकाणी मर्यादित प्रेक्षकांसाठी केलेलं चित्रण दहा वर्षांनी दुसऱ्याच नावाने कुठल्याही फोनवर फिरत असतं.

अडचण अशी की यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. राजीखुशीचं हसू आणि दडपणाखालचं हसू कॅमेऱ्याला सारखंच. डिसेंबर 2020 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी हात आखडता घेतल्यावर जगातल्या एका मोठ्या पॉर्न संकेतस्थळाने ओळख न पटवलेल्या लोकांनी टाकलेल्या लाखो चित्रफिती काढून टाकल्या. त्या सगळ्या गैर होत्या असं नव्हे. त्यांत कोण आहे आणि त्यांची हरकत आहे का, हे तोवर कुणी तपासलंच नव्हतं, असं मात्र नक्की.

तेव्हा पाहणाऱ्याच्या हातात उरतं ते एवढंच: कुठून घेतो ते पाहणं. बनवणाऱ्याचं नाव आहे, कलाकार स्वतःच्या नावाने काम मांडतात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात, अशी जागा एकीकडे; कुणी टाकलं, कुणाचं आहे, काहीच पत्ता नाही अशी चित्रफीत दुसरीकडे. पहिल्या जागीही खात्री नाहीच, पण दुसऱ्या जागी तर प्रश्नच विचारलेला नाही.

‘चोरून काढलेला’ असं शीर्षक असतं, पण बऱ्याचदा तो अभिनयच असतो. मग काय बिघडलं?

अभिनय असेल तर त्या कलाकारांचं काही बिघडलं नाही. पण तुम्ही ते शीर्षक वाचून, ते खरं असेल या आशेने बोट लावलंत ना? खरं असतं तरी तुम्ही ते उघडलंच असतं. मला विचाराल तर रेषा तिथेच ओलांडली जाते, चित्रफीत खरी निघो वा खोटी.

स्त्रीवादी सगळ्याच पॉर्नच्या विरोधात असतात का?

नाही. कॅथरिन मॅकिनन आणि अँड्रिया ड्वॉर्किन या अमेरिकन स्त्रीवाद्यांनी 1983 मध्ये तिथल्या मिनिआपोलिस शहरासाठी एक अध्यादेश लिहिला. पॉर्न हा नीतिमत्तेचा नाही, बायकांच्या नागरी हक्कांचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. बाईला दुय्यम, वापरण्याची वस्तू म्हणून दाखवणारं उघड चित्रण, अशी त्यांची व्याख्या होती. तिथल्या महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिसने तसाच कायदा केला, तो न्यायालयात टिकला नाही. त्याच वेळी दुसऱ्या स्त्रीवादी गटाने कडाडून विरोध केला: बायकांची स्वतःची इच्छा, समलैंगिकांचं साहित्य यांच्यावरच या कायद्याचा पहिला वरवंटा फिरेल म्हणून. मला दोन्ही बाजूंचं थोडं पटतं. पहिल्या बाजूने ‘किती उघडं’ याऐवजी ‘कुणाला कसं वागवलंय’ हा प्रश्न आणला, आणि तो फार मोलाचा आहे. पण त्याचं उत्तर ठरवायचं काम सरकारच्या हाती द्यायला माझं मन धजत नाही.

ज्यांना कुठलंच पॉर्न मान्य नाही ते जुनाट विचारांचे म्हणायचे का?

असं म्हणणं हा आळस आहे. संमती असली तरी माणसाचं शरीर दुसऱ्याच्या उत्तेजनाचं साधन बनवणं योग्य नाही, जवळीक ही प्रेक्षकांसमोर मांडायची गोष्ट नाही, अशी भूमिका विचारपूर्वक घेता येते. धार्मिक माणूस ती घेतो, नास्तिकही घेतो. मी ती पूर्ण घेत नाही. पण ती घेणाऱ्याने स्वतःपुरती पाळली, तर त्याला कमी लेखायचं काही कारण नाही.

लिहिलेल्या कथा, रेखाचित्रं, एआयने बनवलेली चित्रं यांत कुणीच नसतं. मग तिथे सगळं चालेल?

कथेत खरं माणूस नसतं, त्यामुळे संमतीचा प्रश्न सुटतो. विल्यम्स समितीनेही निव्वळ लिखित मजकुरावर बंधन नको असंच म्हटलं होतं. एआयचं तसं नाही. ओळखीच्या बाईचा चेहरा दुसऱ्या शरीरावर बसवला, तर तिथे माणूस आहे. तिचं नाव, तिचं कार्यालय, तिचे आईवडील सगळं आहे. ‘ते खरं थोडंच आहे’ हा बचाव तिच्यासमोर उभं राहून करून पाहावा. दक्षिण कोरियाने 2024 मध्ये असं बनावट लैंगिक चित्रण नुसतं बाळगणं आणि पाहणंही गुन्हा ठरवलं.

आणि लहान मुलांचा समावेश असेल तर?

या पानावरची कुठलीही चर्चा तिथे लागू होत नाही. ते मुलावर झालेल्या अत्याचाराचं चित्रण आहे. भारतात ते जवळ ठेवणं, शोधणं, पाहणं, पाठवणं, सगळं गुन्हा आहे. दिसलं तर पोलिसांना कळवा. ‘पुरावा’ म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका.

नवरा किंवा बायको लपून पॉर्न पाहते. ही फसवणूक झाली का?

या प्रश्नाइतकं भांडण दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर होत नसेल. बहुतेक घरांत याबद्दल कधी बोलणंच झालेलं नसतं. दोघांनी आपापल्या मनात नियम ठरवलेला असतो, आणि तो समोरच्यालाही माहीत आहे असं गृहीत धरलेलं असतं. मग एक दिवस फोन हातात येतो.

‘अहो, तुम्ही काय बघता याचं मला एवढं नाही वाटलं. रोज रात्री हिस्टरी पुसून फोन माझ्या हातात देत होतात, याचं वाटलं.’ अशा धर्तीचं वाक्य मी बऱ्याच जणींकडून आणि काही पुरुषांकडूनही ऐकलं आहे. त्यांना लागलेलं असतं ते लपवणं. काही जणांना मात्र पाहणंच लागतं, आणि तेही खोटं नसतं.

बोलायला बसलात तर ‘पॉर्न चालतं की नाही’ असा एकच प्रश्न घेऊ नका, त्यातून भांडणच निघतं. बारकाईने विचारा. आधीच चित्रित केलेलं पाहणं वेगळं, थेट कॅमेऱ्यावरच्या माणसाशी बोलणं वेगळं. दर महिन्याला एकाच व्यक्तीला पैसे देऊन तिच्याकडून खास मागवणं आणखी वेगळं. ओळखीच्या कुणाचे फोटो चाळणं तर फारच वेगळं. अनेक जोडपी रेषा तिथे आखतात, जिथे पलीकडचं माणूस उत्तर द्यायला लागतं. तुमची दुसरीकडे असेल. दोघांना ती माहीत असली की पुरे. आणि एकाला नको असताना ‘असं सगळेच करतात’ म्हणत पडद्यावरची गोष्ट अंथरुणात करायला लावणं, याला कुठलीच रेषा सामावून घेत नाही.

मी फार पाहतो असं वाटतं. हे व्यसन आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू आहे, ‘अनिवार्य लैंगिक वर्तन’ हा आवेग आवरता न येण्याचा विकार म्हणून नोंदवला आहे. आवरता येत नाही, काम, तब्येत, नाती यांचं नुकसान होतंय तरी थांबत नाही, आणि हे दीर्घकाळ चाललंय, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पण तिथेच असंही लिहिलं आहे की निव्वळ ‘हे पाप आहे’ या टोचणीमुळे होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही. महिन्यातून एकदा पाहून आठवडाभर स्वतःला कोसणारा माणूस आजारी असेलच असं नाही.

पॉर्नमुळे हिंसा वाढते हे सिद्ध झालंय ना?

अमेरिकेने दोन आयोग नेमले. 1970 च्या आयोगाला पॉर्नमुळे गुन्हे होतात याचा पुरावा सापडला नाही. 1986 च्या मीस आयोगाने हिंसक पॉर्नचा लैंगिक हिंसेशी संबंध असल्याचं सांगितलं, आणि त्या निष्कर्षावर संशोधकांनीच टीका केली. वाद अजून संपलेला नाही. मला जास्त काळजी दुसरीच वाटते: ज्याला कुणी काही शिकवलंच नाही तो पॉर्नलाच पाठ्यपुस्तक समजतो, आणि त्या पुस्तकात विचारणं, नकार, संकोच, निरोध यांची पानंच नसतात.

मुलांना यापासून लांब ठेवण्यासाठी वयाची सक्ती हवी का?

हवी. कशी, हे अवघड आहे. ब्रिटनने जुलै 2025 पासून पॉर्न संकेतस्थळांना वय खरोखर तपासणं बंधनकारक केलं. पण वय सिद्ध करताना प्रौढांनी आपली ओळख कुणाच्या हाती द्यायची आणि ती फुटली तर काय, ही शंका रास्त आहे. तंत्राने थोडं होईल; घरात या विषयावर बोललं गेलं तर जास्त होईल.

ओळखीच्या एखाद्याची खासगी चित्रफीत माझ्या ग्रुपवर आली. मी काय करू?

पुढे पाठवू नका, उत्सुकतेने एका मित्रालाही नाही. ग्रुपवर उघडपणे ‘हे काढा’ असं लिहा. एकाने लिहिलं की बाकीचे दोघे-तिघे धीर करतात. ज्या व्यक्तीची आहे तिला शक्य तितक्या नीट कळवा: चित्रफीत न पाठवता, कुठे आली, कुणी टाकली, किती वाजता. तिने मागितलं तर स्क्रीनवरच्या नावांची नोंद ठेवा. तिला पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करता येईल. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत चित्रफीत कुणाकडे द्यावी लागत नाही. तिच्या स्वतःच्या फोनवरच त्या फायलीचा एक डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी समाजमाध्यमांकडे जातो, आणि जुळणारी फाईल ती अडवतात. सगळीकडून पुसली जाईलच असं नाही. आणि बोलताना तिला ‘तू असं काढूच का दिलंस’ हे विचारू नका.